डीआरएलचा डावा बल्ब सारखा जातो – एलईडी टाकावा का? (खरं म्हणजे टाकून बसलेय)

वाघबीळवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही. जरा धीर धरा.

गाडी सासऱ्यांची. २०१४ ची, एका युरोपियन कंपनीची हॅचबॅक, एमएच-०४ पासिंग, ७१ हजार किलोमीटर. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की अर्धे जण "ही घेतलीतच कशाला" यावर सुरू होतात. सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं, आता मी रोज वाघबीळ ते ऐरोली नेते. कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रोड.

बंपरमध्ये फॉगलाइटच्या शेजारी डीआरएल, म्हणजे दिवसा लागणारे दिवे (डेटाइम रनिंग लाइट) आहेत. एलईडीची पट्टी वगैरे नाही, साधा पिवळट बल्ब, पी२१डब्ल्यू. गाडी चालू केली की आपोआप लागतात. आमच्या सासऱ्यांना ही गोष्ट दहा वर्षांत पटलेली नाही. "दिवसाढवळ्या दिवे लावून फिरायचं म्हणजे काय, तेल काय फुकट येतं?" आणि समोरून येणारा रिक्षावाला हमखास पंजा उघडमीट करून दाखवतो, की बाई, लाइट चालू राहिलाय.

तर गेल्या दिवाळीपासून डावा बल्ब तीनदा गेला. उजवा मूळचाच आहे, त्याला काही धाड भरत नाही. मीटरवर बल्बचं पिवळं चित्र आलं की मी ठाण्यातल्या एका अॅक्सेसरीजवाल्याकडे जायची. तो चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडवून हात घालायचा, बल्ब बदलायचा, ८० रुपये बल्बचे आणि १५० मजुरी. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मॅडम, कितनी बार आओगे? एलईडी डाल दो, लाइफटाइम टेन्शन खतम." टाकले दोन्ही. जोडीचे १४०० घेतले, त्यात "एरर नहीं आएगा" म्हणून सोनेरी रंगाच्या दोन डब्या वायरला जोडल्या. पाकिटावर एका बल्बला २४०० लुमेन (उजेडाचं माप) असं छापलंय.

आता टेन्शन खतम झालंय का ते तुम्हीच सांगा:

दिवसा डीआरएल चालू असताना ते किंचित थरथरतात. डोळ्याला पटकन कळत नाही, पण मोबाइलमध्ये व्हिडिओ घेतला की पट्टे पट्टे दिसतात.

रात्री हेडलाइट लावले की डीआरएल बंद व्हायला हवेत. बंद होतात, पण थांबून थांबून बारीक लुकलुकतात. आमच्या सोसायटीच्या वॉचमननेच पहिल्यांदा पाहिलं. "मॅडम, गाडी डोळा मारतेय."

डावीकडची वॉर्निंग अजूनही मधूनच येते. गाडी बंद करून चालू केली की जाते.

आणि शेवटचं, ज्यामुळे हे लिहायला बसले. परवा विटाव्याला रेल्वे पुलाच्या अलीकडे चाळीस मिनिटं अडकले होते, तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. आधी वाटलं पुढच्या टेम्पोचा क्लच. ऑफिसला पोचल्यावर बोनेट उघडून रेडिएटरच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च घातला. ती सोनेरी डबी वायरच्या जुडग्यालाच पट्टीने आवळलेली आहे, आणि वायरवरची काळी नागमोडी नळी तेवढ्या भागात मेणासारखी बसलीय.

जुने बल्ब परत टाकू, की चांगल्या कंपनीचे एलईडी घेऊ? आणि मुळात डावाच का जातो?

ऐरोली_एक्स्प्रेस

ताई, लोकल माल टाकलाय त्याने. "कॅनबस" लिहिलेले, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला चालणारे एलईडी घ्या, सगळं आतच असतं, वेगळी डबी लागत नाही. माझ्या गाडीत पार्किंगचे टी१० टाकलेत, ६००० केल्विन, म्हणजे पांढरेशुभ्र, एक नंबर दिसतात. दीड वर्ष झालं, काही प्रॉब्लेम नाही. पाम बीच रोडला रात्री लोक वळून बघतात.

वायरमनकाका

टी१० हा पाच वॅटचा बल्ब आणि हा एकवीस वॅटचा, ऐरोलीकर. पाचवरून एकवर येणं आणि एकवीसवरून पाचवर येणं यात फरक आहे. आणि लोक वळून बघतात ते कौतुकानेच असं नाही.

ताई, पहिलं काम: त्या डब्या आजच्या आज तोडा. बाकीचं सावकाश वाचा.

मी रबाळ्याला एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो, त्यामुळे हे जरा लांबेल. ती डबी म्हणजे रेझिस्टर. बहुतेक त्यावर ५० वॅट, ६ ओम असं छापलेलं असेल. तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर प्रत्येक बल्बकडे किती करंट जातो ते बघत असतो. पी२१डब्ल्यूला पावणेदोन अँपिअरच्या आसपास जायला हवा. एलईडी त्याच्या चौथाईसुद्धा घेत नाही, म्हणून कॉम्प्युटर म्हणतो बल्ब गेला. त्याला फसवण्यासाठी शेजारी रेझिस्टर लावायचा, म्हणजे करंट पुन्हा वाढतो. आता हिशोब करा. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट, ६ ओम, म्हणजे २.३ अँपिअर आणि जवळजवळ ३२ वॅट. त्याचा उजेड पडत नाही, सगळी उष्णताच. घरी सोल्डरिंग करतो ती लेखणी २५ वॅटची असते. म्हणजे तुम्ही बंपरच्या आत दोन्ही बाजूंना एकेक सोल्डरिंगची लेखणी तापत ठेवून विटाव्याला उभ्या होतात. गाडी पळत असेल तर वाऱ्याने निभतं. ट्रॅफिकमध्ये कोण वारा घालणार? हा रेझिस्टर पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवायचा असतो, वायरवर नव्हे. आणि तुमच्या सासऱ्यांना सांगा, तेल वाचवायला एलईडी टाकले म्हणावं तर या डब्यांनी एकवीस वॅटचे उलट जास्तच केले.

थरथरतात त्याचं कारण: बऱ्याच युरोपियन गाड्या डीआरएलला सरळ व्होल्टेज देत नाहीत, सेकंदाला शंभर-दीडशे वेळा चालू-बंद करत देतात, म्हणजे बल्बला सरासरी कमी मिळतं आणि तो जास्त टिकतो. फिलॅमेंट तापलेलं असतं, ते तेवढ्यात निवत नाही, म्हणून आपल्याला सलग उजेड दिसतो. एलईडीला तापणं-निवणं ठाऊक नाही. वीज आली की पेटतो, गेली की विझतो. तेच मोबाइलला दिसतं.

रात्रीचा डोळा मारणंही तसंच. बल्ब बंद असतानाही कॉम्प्युटर मधूनच विजेचा एक टिचका देऊन बघतो, फिलॅमेंट शाबूत आहे की नाही. एवढ्याशाने फिलॅमेंट तापतसुद्धा नाही. एलईडी मात्र तेवढ्यात चमकून जातो.

हे तिन्ही समजलं. चौथं मला खटकतंय. रेझिस्टर असताना डावीकडची वॉर्निंग यायचं कारणच नाही. करंट जातोय ना? मग कॉम्प्युटरला काय दुखतंय? म्हणजे कुठेतरी वाटेतच करंट अडतोय, आणि तो बल्बच्या आणि रेझिस्टरच्याही आधी अडतोय. दोन प्रश्न विचारतो. जुने गेलेले बल्ब फेकलेत का? आणि गाडीचा पुढचा डावा बंपर कधी निघाला होता का?

सीवूड्सचा_शंकासूर

काकांचं बरोबर. थोडी भर घालतो.

पी२१डब्ल्यू ४६० लुमेन देतो. चार-पाच वॅटच्या एलईडीतून २४०० लुमेन काढणं कोणालाच जमलेलं नाही, ते पाकीट छापणाऱ्यालाच जमलंय. पण लुमेनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे उजेड निघतो कुठून. आतला वाटीसारखा आरसा त्या फिलॅमेंटच्या नेमक्या जागेसाठी वळवलेला असतो. एलईडीत चिपा दांड्याच्या चारी बाजूंना आणि टोकाला, म्हणजे निम्मा उजेड आरशाला भलत्याच जागेवरून मिळतो. मग मधोमध काळा डाग आणि कडेला झगमगाट, किंवा उलट. युरोपात डीआरएलचा नियम आहे तो असा: समोरून बघताना किमान ४०० कॅन्डेला (एका दिशेला पडणाऱ्या उजेडाचं माप), आणि कुठूनही १२०० पेक्षा जास्त नाही. रंग पांढराच. तो नियम बल्ब अधिक वाटी अधिक काच मिळून पास होतो. वाटीत दुसरंच काही घातलं की तो कागद संपला. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच एलईडी डीआरएल येतात त्यांची वाटीच वेगळी असते.

आपल्याकडे कारला डीआरएल सक्तीचे नाहीत. युरोपात नव्या मॉडेलच्या गाड्यांना फेब्रुवारी २०११ पासून सक्ती झाली, म्हणून तुमच्या गाडीला ते फुकटात आले. आपल्याकडे सक्ती आहे ती दुचाकींना: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याला ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन म्हणतात, इंग्रजी लघुरूप ए-एच-ओ. म्हणजे सरळ "अहो". रस्त्यावरचे लोक पंजा हलवून "अहो, लाइट चालू आहे" म्हणतात ते एका अर्थी नियमाचं नावच सांगत असतात.

आरटीओचं कोणी विचारायच्या आत सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल येतात, आणि १८२अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बल्बचा प्रकार आरसीवर लिहिलेला नसतो. पण पुढे निळा-जांभळा उजेड फेकत फिरलात तर हवालदार कलमं मोजत बसणार नाही, बाजूला घेईल.

वाघबीळवाली

बाप रे. आधी डब्यांचं: काल रात्रीच मिस्टरांनी खाली पार्किंगमध्ये कापून काढल्या, टोकांना टेप मारली. त्यावर खरंच ५०डब्ल्यू ६ ओम लिहिलंय. एकीच्या पाठीला वितळलेलं काळं प्लास्टिक चिकटलंय, खरवडून निघत नाही. अपेक्षेप्रमाणे आता दोन्हीकडची वॉर्निंग आहे आणि मीटर ख्रिसमसच्या झाडासारखं दिसतंय.

काका, जुने बल्ब आहेत! आमच्या घरात काहीही फेकत नाहीत, सासरे फेकू देत नाहीत. डॅशबोर्डच्या खणात तिन्ही होते, एफएम स्टेशनच्या जुन्या स्टिकरबरोबर.

आणि बंपर: हो, निघाला होता. दोन वर्षांपूर्वी कापूरबावडीला एका डंपरने डावीकडून घासला. डेंटिंगवाल्याने बंपर काढून, रंगवून परत बसवला. त्याचा याच्याशी काय संबंध?

(ऐरोली_एक्स्प्रेस, राग मानू नका, पण लोकांनी वळून बघावं असं मला मुळीच नकोय. त्यांनी पुढे बघून चालवावं.)

वायरमनकाका

संबंध असावा असं वाटतंय. आधी बल्ब.

मल्टीमीटर घरी असेल, नाहीतर खालच्या इलेक्ट्रिशियनकडे असतोच. बीपवर ठेवा. एक टोक बल्बच्या पितळी अंगाला, दुसरं बुडातल्या शिशाच्या ठिपक्याला. ओमवर ठेवलंत तर चांगला बल्ब थंड असताना एका ओमच्याही आत दाखवेल. घाबरू नका, तापला की तोच सात ओम होतो. आणि काचेतून बघा, तार तुटलेली आहे का, काच आतून काळी झालीय का.

काचेला बोट लागलं म्हणून कोणी ओरडेल, तर ते हॅलोजनला. पी२१डब्ल्यू साधा बल्ब आहे, पुसून घेतला की झालं.

तळोजा_ते_ठाणे

विषय निघालाच आहे म्हणून एक विनंती, सगळ्यांनाच. डीआरएल लागले म्हणजे गाडीचे दिवे लागले असं नाही. बहुतेक गाड्यांत डीआरएलवर मागचे लाल दिवे लागत नाहीत. जुलैत गायमुखच्या उतारावर भर दुपारी इतका पाऊस असतो की पुढची गाडी तीस फुटांवर दिसत नाही. आणि हे लोक पुढून झगझगीत, मागून काळोख. मी ट्रेलर चालवतो. मला तुमचं पुढचं तोंड दिसत नाही हो, पाठच दिसते. पावसात हेडलाइटचं बटण फिरवा.

वाघबीळवाली

हे मला खरंच माहीत नव्हतं. आज सकाळी सोसायटीत गाडी चालू ठेवून मागे जाऊन बघितलं. काळोख. म्हणजे गेले दोन पावसाळे मी अशीच फिरले. धन्यवाद दादा.

आता बल्बचा निकाल. तीनपैकी दोन चांगले आहेत. मिस्टरांनी तीनदा बीप करून दाखवलं, मग सासऱ्यांनी स्वतः इन्व्हर्टरच्या बॅटरीला दोन वायरी लावून पेटवून बघितले. लख्ख. तिसऱ्याची तार तुटलेली आहे, तो खरोखर गेलाय. म्हणजे दोनदा मी धडधाकट बल्ब बदलून दर वेळी २३० रुपये मोजले? आणि मग नवा बल्ब टाकल्यावर चालायचं कसं?

वायरमनकाका

नव्या बल्बने चालत नव्हतं, हात घातल्याने चालत होतं.

बल्ब बदलताना तो डीआरएलच्या मागचा दोन पिनांचा प्लग काढून पुन्हा खटकन बसवत असणार. पिन थोडी घासली गेली, दोन-चार महिने संपर्क मिळाला, पुन्हा गंज चढला. तुमचा रेझिस्टर त्या प्लगच्या आणि बल्बच्या मधल्या वायरवर होता, म्हणून प्लगनेच दगा दिला की रेझिस्टरचाही करंट थांबायचा आणि वॉर्निंग यायची. म्हणून मी विचारलं.

आता डावाच का? आपल्याकडे गाडी डावीकडून जाते, पाणी कडेला साचतं. विटाव्याच्या पुलाखालून पावसाळ्यात डावं चाक ज्या पाण्यातून जातं, ते सरळ त्या प्लगवर उडतं. कंपनीने तिथे रबराची छोटी रिंग दिलेली असते, अंगठीएवढी. डेंटिंगवाल्याने प्लग सोडवला तेव्हा ती पडली असणार आणि त्याने शोधली नसणार. हा माझा अंदाज आहे, प्लग उघडून बघा. हिरवा गंज असेल आणि प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर नुसतं साफ करून भागणार नाही, प्लग शेपटीसकट बदला. नव्या वायरचा जोड सोल्डर करून त्यावर नळी आकसवून घ्या, नुसती पिळून टेप नको.

आणि जमलं तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा. साडेचौदाच्या आत असलं की बास. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. तुमचा उजवा मूळचा टिकलाय म्हणजे ठीकच असणार, पण बघून घ्या.

ऐरोली_एक्स्प्रेस

काका, मग कोडिंग करून वॉर्निंगच बंद केली तर? माझ्या मित्राकडे ओबीडीची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची केबल आहे. लॅपटॉप लावला की त्या दिव्याची तपासणीच बंद करता येते. म्हणजे लुकलुकणंही बंद, रेझिस्टरही नको.

वायरमनकाका

येतं काही गाड्यांत, खोटं नाही. पण या बाईंना वॉर्निंग आली म्हणूनच आपण प्लगपर्यंत पोचलो ना? बंद केली असती तर वितळेपर्यंत कळलं नसतं.

वाघबीळवाली

दहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. मध्ये मुलीची परीक्षा होती.

अॅक्सेसरीजवाल्याकडे परत गेले नाही. ऐरोलीला ऑफिसच्या मागे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, छोटासा गाळा, बाहेर अल्टरनेटरचा ढीग. त्याला काकांचा मेसेज वाचून दाखवला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यांना इकडे बसवा, मला मदत होईल." मग चाक वळवून आतलं प्लास्टिक सोडवलं, प्लग बाहेर ओढला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

एक पिन पितळी, एक पिन हिरवी. हिरवी म्हणजे देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या भांड्याला बुडाशी येतो तसा हिरवा, वर पांढरी भुकटी. तिच्याभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी, जरा फुगलेलं. रबराची रिंग नाही. उजवीकडचा प्लग काढून दाखवला, त्यात रिंग होती, निळी, अगदी नवीन असल्यासारखी.

नवा प्लग वायरीसकट आणि दोन्हीकडे कापलेल्या वायरींचे जोड नीट सोल्डर करून ६५० रुपये झाले. रिंग सुटी मिळत नाही, प्लगबरोबरच आली. व्होल्टेज १४.१ निघालं. एलईडी काढले आणि डावीकडे खणातलाच जुना बल्ब घातला, त्या दोन चांगल्यांपैकी एक. दुसरा स्टेपनीच्या खड्ड्यात, फडक्यात गुंडाळून. वॉर्निंग नाही, लुकलुक नाही, व्हिडिओत पट्टे नाहीत. उजेड पिवळट आहे. असू दे.

काल संध्याकाळी सासरे खाली उतरले, गाडी चालू करायला सांगितली आणि पुढे उभे राहून दोन्ही दिवे बराच वेळ बघितले. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाले, "आता दिवसा बंद कसे करायचे ते त्या काकांना विचार."

तर काका, विचारतेय. आणि १४०० चे एलईडी पडून आहेत, रेझिस्टर वगळून. ऐरोली_एक्स्प्रेस, तुम्हाला नकोत, आधीच सांगते.

वायरमनकाका

बऱ्याच गाड्यांत मीटरच्या मेन्यूतच असतं, लाइट्सच्या खाली. नसलं तर राहू दे. सासऱ्यांना सांगा, दोन्ही मिळून बेचाळीस वॅट, घरातल्या साठ वॅटच्या एका जुन्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी. तरी पटलं नाही तर माझा नंबर द्या, दोघं म्हातारे बोलून घेतो.